तिथे मला सांभाळून घेऊ नकोस

अगं,

रिकाम्या पोटी रक्त द्यायचं आहे, म्हणून धाकट्या चिरंजीवांच्या गाडीवरून पुढे गेलो. तुला गाढ झोप लागली होती, उठवलं नाही. अकरापर्यंत हॉस्पिटलात ये. विसरण्यावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत मला घ्यायचं की नाही, ते आज ठरेल. घरच्या माणसाला वेगळ्या खोलीत बसवून विचारतात.

तिथे मला सांभाळून घेऊ नकोस. "वयोमानाने होतंच" म्हणालीस, की ते मला परत पाठवतील. गेल्या आठवड्यात वकीलसाहेबांच्या शर्टाची डावी बाही मी उजवीकडे जोडली, उजवी डावीकडे. मी जेवत होतो तेवढ्यात तू दोन्ही उसवून नीट लावल्यास. टाका माझ्यापेक्षा बारीक होता, तेव्हाच कळलं. दुकानात झाकपाक चालून जाते, डॉक्टरांपुढे नको.

कदाचित औषधाऐवजी नुसतं पाणीच टोचतील. कोणाला काय दिलं, ते त्यांनाही ठाऊक नसतं म्हणे. असू दे. पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दुकान आज बंदच ठेव. येताना माझा चष्मा आण. मी सगळीकडे शोधला. तुला सापडला, की कुठे होता तेही त्यांना सांग.

– मास्तर