थरथरीची रंगीत तालीम

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. (एकाहत्तर वर्षांच्या आजीबाईला ‘चिरंजीव’ म्हणताना मन क्षणभर अडखळते, परंतु तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस, ही वस्तुस्थिती तुझ्या पांढऱ्या केसांनी बदलत नाही.) आम्ही सर्व कुशल आहोत. तुझे गुडघे, मेहुण्यांचे श्रवणयंत्र आणि या दोहोंपायी तुमच्या घरात चालणारी हाकाटी यांविषयी सविस्तर कळवावे. तुझ्या मागील तीन पत्रांना माझ्याकडून उत्तर गेले नाही. तिसऱ्या पत्रात तू “दादा, हात मोडला आहे का तुझा?” असे विचारले आहेस. त्याचे उत्तर योग्य स्थळी येईल. तोवर जिभेला आवर घाल.

प्रथम माझ्या नातीविषयी. माणसाने संगणकाला आपले म्हणणे कसे कळवावे याच्या नव्या रीती शोधणे आणि त्या जिवंत माणसांवर पारखून घेणे, हे तिचे विद्यापीठातील संशोधन आहे. काचेच्या पाटीवर नखाएवढ्या चौकटी असतात आणि त्यांवर बोट टेकवायचे असते, हे तू जाणतेसच. वृद्धाचे बोट थरथरते. हव्या त्या चौकटीऐवजी शेजारची दाबली जाते आणि डॉक्टरांना फोन लावू जाता तो व्याह्यांना लागतो. सारे जग अशा वेळी बोटाला दोष देते. ही मुलगी काचेला देते! मी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. चूक दिसली की ती करणाऱ्याचे नाव मी प्रथम विचारीत असे. ती चौकटीचे माप विचारते. छापखान्यात असे कोणी असते, तर निदान तीन जुळारी (खिळे जुळवणारे) माझ्याशी अद्याप बोलत असते.

तिची रीत अशी : चौकटी काचेच्या मध्यभागी नाहीतच, त्या कडेला आहेत आणि कडेभोवती बारीक उंचवटा आहे. बोट वाटेल तेथे टेकवावे, हव्या त्या चौकटीच्या दिशेने ओढीत न्यावे, उंचवट्याला टेकू द्यावे आणि मग उचलावे. थरथर चारी दिशांना धावते, ओढ मात्र एकाच दिशेला असते; यंत्र ओढ तेवढी वाचते आणि थरथर सोडून देते. ऐकताना सोपे वाटते. परंतु त्या उंचवट्यासाठी तिने चौदा कडा घडवल्या आणि तेरा टाकून दिल्या. (एक लाकडी होती, ती बोटाला टोचे. एक रबरी होती, ती ओढताना मांजराच्या पिलासारखी रडे.) प्रत्येक कडेखाली ती का टाकली याचे टिपण, तारखेसह. मी ते टिपण वाचले. त्यात मला खूण करण्याजोगे काहीही सापडले नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा लिहीत आहे.

आता रीत खरोखर उपयोगी आहे हे दाखवण्यासाठी, हात थरथरणाऱ्या बारा वृद्धांकडून जुनी आणि नवी अशा दोन्ही रीतींनी काम करवून चुका मोजायच्या होत्या. निकाल महिनाअखेर पोहोचला नाही, तर तिचा निबंध एक वर्ष मागे पडणार होता. बारा जणांआधी एकाची रंगीत तालीम घ्यायची असते. ती गणतीत धरत नाहीत. त्यासाठी तिने मला विचारले.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझा उजवा हात गेली दीड वर्षे थरथरतो. हे मी कोणाला सांगितले नव्हते. मुद्रितशोधकाचा हात थरथरतो असे म्हणणे म्हणजे तराजूला चक्कर येते म्हणण्यासारखे आहे. तेव्हा नातीने मला बोलावले ते केवळ घरचा म्हातारा म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तिची मान खाली जाऊ नये म्हणून तयारीला लागलो. पुठ्ठ्यावर तीस चौकटी आखल्या, तो न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला आणि आठ दिवस सराव केला. (सूनबाईंनी दाराबाहेरून दोनदा विचारले, “बाबा, आत अडकलात का?”) श्वास सोडावा, डाव्या हाताने उजवे मनगट आवळावे, कोपर बरगडीला टेकवावे आणि मग बोट सोडावे, असे तंत्र मला साधले. तालमीत जुन्या रीतीने माझी एकही चूक झाली नाही. नातीने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा कागदाकडे पाहिले. मला वाटले, अभिमान.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत चाचणीच्या पहिल्या दिवसाचे सहा जण बसले होते. सगळे घाबरलेले. त्यांतील एक निवृत्त शिंपी म्हणाले, “अहो, सुईत दोरा ओवता येईना म्हणून दुकान बंद केलं. आता इथं येऊन आणखी नापास व्हायचं?” माझे अंतःकरण द्रवले. मी उठलो आणि सहाही जणांना माझे तंत्र शिकवले. खुर्चीच्या पाठीवर, भिंतीवरच्या वेळापत्रकावर, एकमेकांच्या पाठींवर आम्ही तासभर बोटे मारली. “मास्तर, मनगट आवळू का सोडू?” असे शिंपीबुवा आतल्या दारातूनसुद्धा ओरडून विचारीत होते.

सहाही जण जुन्या रीतीने निर्दोष उत्तीर्ण झाले. दुपारी नातीच्या मार्गदर्शक बाई कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांचा स्वर शांत होता. “जुनी रीत इतकी छान जमते आहे, तर नव्या रीतीची गरजच काय? आपण थरथरणारेच हात बोलावले होते ना?” चौदाव्या कडेवरून नात नुसते बोट फिरवीत राहिली. धाकटे, लहानपणी शाळेत तुझी पाटी फुटली होती तेव्हा तू जशी उभी होतीस, तशी ती उभी होती.

मी उठलो आणि सर्वांसमक्ष सारे सांगितले : पुठ्ठा, न्हाणीघर, मनगट. मग डावा हात खिशात घातला आणि उजवा तसाच काचेपुढे धरला. जुन्या रीतीने पन्नासांपैकी एकोणतीस चुका. (मोजणी माझी; यंत्राची नंतर तीच निघाली.) नव्या रीतीने दोन. मग शिंपीबुवा म्हणाले, “मास्तर, हे आधी दाखवायचं की हो! आम्ही उगीच मनगटं आवळून घेतली.”

घरी येताना मी नातीची क्षमा मागितली. ती म्हणाली, “आजोबा, मला तुमच्या चुकाच हव्या होत्या. बरोबर उत्तरं काय, माझ्याकडे आहेतच.” मी म्हणालो, “हात थरथरतो हे तुला ठाऊक नव्हते, म्हणून—” ती हसली. “तुम्ही चहाचा कप उचलत नाही. टेबलावरून कडेपर्यंत ओढत नेता, कडेला टेकवता, मग वाकून पिता. दीड वर्ष बघतेय मी. ही रीत मला दुसरीकडे कुठं सुचणार?”

घरी पोहोचलो. सूनबाईंनी चहा आणला. मी तो सर्वांदेखत ओढीत कडेला नेला.

कळावे. मेहुण्यांना नमस्कार सांगावा (उजव्या कानाशी).

तुझा,
दादा

ता. क. : त्या सहा जणांची उत्तरे अर्थातच बाद झाली. नव्याने पाच जण मिळाले आहेत. एक जागा रिकामी आहे. नात्यातले माणूस चालेल का, असे मी मार्गदर्शक बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “तुम्ही सोडून कोणीही चालेल.” तुझ्या तिसऱ्या पत्रात प्रत्येक मात्रा हललेली मला दिसली होती. मी सवयीने लाल पेन उचलले होते. ते मी खाली ठेवले. बुधवारी अकरा वाजता ये. सराव मुळीच करू नकोस.

ता. क. दुसरा : हात मोडलेला नाही. हे पत्र मी नातीच्या चौदाव्या कडेवर चार दिवसांत लिहिले. एका ओढीत अक्षरांचा वर्ग (क-वर्ग, च-वर्ग), दुसरीत त्यातले अक्षर. दीड वर्षांतील माझे हे पहिलेच पत्र आहे.

ता. क. तिसरा : तुझी पत्रे मी जन्मभर लाल खुणा करून परत पाठवीत आलो. हे पत्र तू तपासून परत पाठव. चूक सापडणार नाही, तरी शोध. खूण हाताने कर, आणि ती हलली तर हलू दे.