कुलूप माझं, किल्ली ग्रुपवर

मंगळवार, सांगली

डोकं फिरलंय नुसतं! दोन रविवार घालवून पेनड्राइव्हवरच्या माझ्या फायलींना कुलूप घातलं. ऑफिसच्या विंडोजवर उघडेल आणि घरच्या लिनक्सवरही, असं. आत माझे दवाखान्याचे रिपोर्ट, माझं लिहिलेलं. पासवर्ड फक्त सुहासला सांगितला, नवरा म्हणून, अडीअडचणीला. आणि या शहाण्यानं तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला! ‘विसरायला नको,’ म्हणे. त्यावर सासऱ्यांचा अंगठा. मग कुलूप घातलं कुणासाठी मी? चोरासाठी?

पासवर्ड बदलला. आता सुहासलाही सांगणार नाही. पण तो अंगठा काही डोळ्यांसमोरून हलेना. भांडी आपटत होते, तेवढ्यात सासूबाई हळूच शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“माज्या फोनलाबी आसलं कुलूप घालून दे,” म्हणाल्या. “आन् तुज्या मामंजींना सांगू नगंस.”