कॅमेऱ्याचा दिवा

मार्गशीर्षातला गुरुवार, आरतीनंतर

वीणाच्या होणाऱ्या सासूबाईंशी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल झाला. फुलीवर दाबून कॉलची खिडकी बंद केली आणि ह्यांना म्हटलं, "बाई गोड बोलतात, पण आपली पोर स्वयंपाकीण म्हणूनच नेतायत." बघते तर कॅमेऱ्याचा दिवा तसाच पेटलेला!

कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. हे म्हणाले, "अगो, डोळा झाकलास, कानाचं काय?" माइक कुठे असतो तेही मला ठाऊक नाही.

पुण्याला वीणाला फोन लावला. जुना लॅपटॉप टाकवेना म्हणून तिनेच त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टम घालून दिलीय. म्हणाली, "आई, खिडकी गेली तरी प्रोग्राम मागे चालू राहतो. सिस्टम मॉनिटर उघड, चालू प्रोग्रामच्या यादीत त्याचं नाव शोध आणि एंड प्रोसेस दाब." केवढी ती नावं! भलतंच बंद पडून घरखर्चाचा हिशोब गेला तर? महालक्ष्मीचं नाव घेऊन दाबलं. टिकली उचलून बघितली, दिवा विझलेला.

पण तोवर तिकडे काय काय ऐकू गेलं? त्यांना विचारायचीही सोय नाही.

"झालं ना बंद? मग एवढी का घाबरलीस? काय बोलत होतात?" वीणाने विचारलं.

"काही नाही गो, नैवेद्याचं."

उपासाच्या दिवशी, देवीसमोर खोटं बोलले. त्या बाईंनी ऐकलं असेल तर वीणाला त्यांच्याच तोंडून कळेल. त्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं. उद्या सकाळी सांगते.

नको. आत्ताच लावते फोन.