बाबांची दाद

कार्डिफ, शनिवार, नोव्हेंबर १९८८

पुण्याहून आलेल्या बाबांना आज क्लबमध्ये स्विंग जाझ ऐकायला नेलं. लाइव्ह रेकॉर्डिंग होतं, युरोपातले सगळे सत्तरीचे वादक. क्लॅरिनेटवाल्याने एक सुंदर जागा घेतली आणि बाबा, घरच्या बैठकीत बसल्यासारखे, मोठ्याने म्हणाले, “वा, क्या बात है.”

माना वळल्या. आणि मी काय केलं? खुर्ची बाजूला सरकवली. जणू हा माणूस माझा कुणीच नाही.

क्लॅरिनेटवाल्याने तर वाजवता वाजवता बाबांकडे बघून हसून मान लववली. पण बाबा माझ्या खुर्चीकडे बघत होते. मग शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प. कार्यक्रम संपला, सगळे उठून उभे राहिले, तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, “आता वाजवू का रे टाळ्या?”