ज्यानं शिवलं त्यानं आधी बसायचं

आप्पा,

तुमच्या फिनलंडच्या उस्तादांना मी पाहिलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तेवढंच माझं ज्ञान: इंग्लंडात येऊन राहिलेला खलाशी, जहाजाची शिडं शिवणारा, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदळात शिरला, कारण तेव्हा विमानांचे पंखही कापडी असत, आणि लढाई संपल्यावर भटकत भटकत कोल्हापुरात तंबू शिवायला आला, तो इथेच म्हातारा झाला. न्यायशास्त्र आप्तवाक्य प्रमाण मानतं. पण आप्त तोंडात भडंगाचा बकाणा भरून बोलत असेल तर काय, याबद्दल शास्त्रकार गप्प आहेत.

त्यांच्या तुकडीची एक रीत मात्र तुम्ही घरात आणलीत. पंख ज्यानं शिवला, त्यानंच पहिल्या उड्डाणाला वैमानिकाबरोबर बसायचं. "मग टाका आपोआप बारीक पडतोय की," तुम्ही म्हणायचात. शाहूपुरीतल्या दुकानात तुम्ही ताडपत्र्या शिवल्यात, त्यामुळे वर जायचा प्रसंग आला नाही. पण नातीसाठी झोळी शिवलीत आणि सत्तरी ओलांडलेले तुम्ही, गुडघे पोटाशी घेऊन, तीत जाऊन बसलात. आई दारातून ओरडते आहे, "अवो उतरा, पोरीच्या आधी तुमचंच बारसं करायला लागंल!" तुम्ही ढिम्म. मनसोक्त झोके घेऊन उतरता आणि मगच पोरीला आत निजवू देता.

ती पोर आता नोकरी करते, आणि तिला कापडी पंखाला लटकून डोंगरावरून उडायला शिकायचंय. "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार," म्हणाली. असलं आज्ञाधारकपण फार वाईट. गेल्या रविवारी तिच्यासोबत साताऱ्याकडच्या त्या डोंगरावर गेलो. पंख गवतावर पसरलेला. मी शिवण बोटांनी चाचपत निघालो. शिकवणारा आपल्या हातकणंगल्याचाच निघाला.

"काय हुडकताय, पावणं?"

"शिवलाय कुणी?"

"कंपनीत शिवलाय की! आता कुणाचं नाव सांगू?"

पंचाईत झाली. शिवणारा हाती लागेना, आणि पोरीला तसंच वर सोडायला मन धजेना. "आधी मला न्या," म्हणालो. पोर हसली, मग हसायची थांबली. शिकवणाऱ्यानं मला स्वतःच्या पुढ्यात बांधलं आणि आम्ही दोघं उतारावरून धावत सुटलो.

खाली आल्यावर तिनं विचारलं, "कसं वाटलं?" मी नदीचं वर्णन केलं, वळणं, काठची झाडी, सगळं यथासांग. मग ती गेली. सुखरूप उतरली, पट्टे सोडता सोडता म्हणाली, "बाबा, नदी कुठंच दिसली नाही हो."

आप्पा, मी डोळे उघडलेच नव्हते. तिला अजून सांगितलेलं नाही.