पंख्याचा उपयोग

३ जुलै. सकाळी.
आजपासून सिगारेट बंद. ऑक्टोबरातल्या उत्सवात आमच्या आळीचा ढोलरथ हाचिमानच्या देवळाच्या पायऱ्यांवरून खांद्यावर घेऊन चढवायचा, आणि पुढचा दांडा नेहमीप्रमाणे माझाच. शेजारचा कुसुमोतो, माझ्यासारखाच करवतींना धार लावणारा, म्हणे, यंदा राहू दे रे, खोकतोस किती. तो स्वतः मास्क लावून दरोडेखोरासारखा करवती घासतो. लोकांना अक्कल शिकवतोय.

११ जुलै.
खोकला आहे. कारण सापडलं: बायको, फुसाए, घरात मासे भाजते. ती म्हणते, अहो, करवतीच्या दातांना कार्बाइड धातू असतो ना, त्याची धूळ आहे ती, दात घासताना उडते. धूळ कुठली? मी धारेच्या फिरत्या दगडावर पाणी सोडतो. दिसत नाही ती धूळ नव्हे.
धूळ ओढणारा पंखा तिने हट्टाने बसवला, पण तो घरघरतो. दगडाचा आवाज ऐकल्याशिवाय धार कळत नाही. पंखा बंद.

२ ऑगस्ट.
डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. म्हणाल्या, कार्बाइडमधला कोबाल्ट फुप्फुसांना खातोय, काम थांबवा, नाहीतर गेलेला दम परत येणार नाही. माझं मशीन बाईंपेक्षा वयाने मोठं आहे! मास्क घेतला. चष्म्यावर वाफ येते. मास्क खुंटीवर.

१६ ऑगस्ट.
ओबोनची सुट्टी. दुकान बंद. पितर आले, जेवले, आज गेले. खोकलाही गेला! मुळ्याचा मधातला रस घेत होतो, त्याचाच गुण. बाईंना एक बाटली नेऊन देणार.

१८ ऑगस्ट.
दुकान उघडलं. संध्याकाळी पुन्हा खोकला. मध भेसळीचा निघाला.

९ सप्टेंबर.
मशीन शिट्टी मारतंय. बेअरिंग बदललं, तरी तेच. फुसाए आली आणि तिने मशीनचा स्विचच बंद केला. शिट्टी चालूच. ती माझ्या छातीकडे बघत राहिली. मी म्हटलं, कुसुमोतोचा रेडिओ असेल. तिचे डोळे भरले होते, त्याचाच मला जास्त राग आला. ती पंखा लावून गेली. मी बंद केला.

२८ सप्टेंबर. पहाटे.
सराव. देवळाच्या पायऱ्या चढलो. देखावा बघायला मध्ये बऱ्याचदा थांबलो. देखावा सुंदर आहे, इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं.

उत्सवाचा दिवस. रात्री.
पुढचा दांडा घेतला. कुणाची हरकत ऐकली नाही. थोड्याच पायऱ्या चढलो आणि श्वास आत जाईना. हात सुटला. वाटलं, रथ कलंडणार, माणसं चिरडणार. कुसुमोतो माझ्या जागी शिरला. रथ जरासुद्धा हलला नाही. ढोल वर वर जात राहिले. फुसाए माझी पाठ चोळत खाली बसली होती, आणि मला रडू आलं. घामच होता म्हणा.
घरी आल्यावर दुकानात गेलो. मशीन बंद होतं. शिट्टी येत होती. पंखा लावला. त्याच्या घरघरीत ती ऐकू येत नाही.
पंख्याचा हा उपयोग मला आधी कुणी सांगितलाच नव्हता.