लाखेवरची वेणी

बाबा,

तुमची कंबर कशी आहे? पितळेवर वाकून वाकून तिची कमान झाली होती, आता तरी सरळ झाली असेल. मायचा दमा? मोठ्या आत्याचे गुडघे? सगळे तिकडेच आहात, विचारून सांगा. मी बरी आहे. धाकटा भाऊही बरा आहे, आणि त्याचं बरं ऐकलं की माझ्या पोटात आजही दुखतं.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, कचेऱ्यांना नवे शिक्के लागले, आणि साकोलीच्या आपल्या शिक्के कोरायच्या दुकानात तुमची मान वर होईना. कोरणी तुम्ही धाकट्याच्या हाती दिलीत. मी ठसा उमटवून बघायला लाख वितळवायची. "कोरणी सुटली त बोट जाते, बाई," म्हणायचात. लाखेचे चटके मात्र चालायचे.

एकदा एक गिऱ्हाईक मास्तर जुनं पुस्तक घेऊन आले. त्यात होतं, फार पूर्वी इटलीतले एट्रुस्कन लोक नखाएवढ्या लाल खड्यांवर ग्रीक कथांमधले वीर कोरायचे. खड्याची पाठ शेणकिड्यासारखी, पोटावर वीर. "हे त आपलेच भाऊबंद. उलटं कोरतेत, सुलटं उमटते," तुम्ही हरखलात. एका चित्रावर बोट ठेवून धाकट्याला म्हणालात, "पाह्य बापू, लढाईत मेलेल्या अकिलीसले त्याचा सोबती खांद्यावर घेऊन चालला. असा खांदा पाह्यजे." मी लाख ढवळत होते.

तुम्ही दोघं जेवायला गेलात की मी पितळेच्या तुकड्यावर तेच चित्र कोरायची. पुरं झालं तसं लाखेवर उमटवून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही भिंग लावलंत.

"वा रे बापू. पण ह्या गड्याले वेणी कायले?"

"मी नाही केलं, बाबा. ताईनं केलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "लाख थंडी होऊन राहिली, बाई."

तुम्ही गेलात तेव्हा खांदा धाकट्यानं दिला. मला गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं. तो तुकडा माझ्या मुठीत होता. आता त्याच्याकडे मशीन रबरी शिक्के करते. परवा कोरणी आणून दिली, म्हणाला, "हे तुयीच होय, ताई." त्याच्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

वेणी कायले विचारलं होतं ना? ती माझी होती. खांद्यावर तुम्ही होतात. शेवटी तुमचं वजन राहिलंच किती होतं, बाबा. मला झेपलं असतं.

पत्ता नाही, म्हणून हे कोरणीच्या डब्यात ठेवते आहे. त्या दिवशी तुम्ही मला ओळखलं होतं का, एवढं तरी लवकर लिहून कळवा.